कॅरोब पावडर: पुड्यावर 'साखर घातलेली नाही', मग तक्त्यात 49 ग्रॅम कसली?

अर्धा_चमचा

नमस्कार मंडळी,

दोन-तीन महिन्यांपूर्वी रात्री अंथरुणावर पडलं की छातीत धडधड व्हायची. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळनंतर चहा, कॉफी, चॉकलेट बंद करून बघा. चहा-कॉफीचं मला काही वाटलं नाही. चॉकलेटचं वाटलं. रात्रीची भांडी आवरून झाली की दोन तुकडे तोंडात टाकायचे, हे माझं दिवसातलं एकमेव ऐश.

मैत्रिणीने कॅरोब सुचवलं. "सेम टू सेम चॉकलेट, आणि कॅफीन नाही," इति मैत्रीण. पावडर आणली. रंग हुबेहूब कोकोचा. डबा उघडून वास घेतला तर जरा भाजलेला, जरा आंबूस, खजुराच्या जवळ जाणारा. म्हटलं, असेल.

मग माझा नेहमीचा केक केला, ज्यात 50 ग्रॅम कोको आणि 200 ग्रॅम साखर पडते. कोकोच्या जागी बरोब्बर तितकीच कॅरोब, बाकी काडीचाही बदल नाही. 180 वर 35 मिनिटांचा केक, पण विसाव्या मिनिटालाच कडा काळ्या पडायला लागल्या. आतून गच्च आणि कोरडा. आणि गोड! इतका गोड की दुसरा घास घेताना दात शिवशिवले. मुलगी म्हणाली, "आई, हा खजुराचा केक आहे का?" यांनी तीन तुकडे खाल्ले आणि काहीच बोलले नाहीत, पण ते समोर येईल ते खातात, त्यांचं मत धरू नये.

त्यानंतर मी पुडा उलटा करून वाचला. (आधी वाचायला हवा होता, माहीत आहे.) पुढे मोठ्या अक्षरांत 'साखर घातलेली नाही'. मागे तक्त्यात, 100 ग्रॅममध्ये साखर 49 ग्रॅम! शिवाय एक ओळ 'दुधापेक्षा जास्त कॅल्शियम' अशी.

तर प्रश्न असे:

ही साखर आली कुठून? कॅल्शियमचं खरं का? केक सुधारायचा कसा, की हा नादच सोडू? आणि एक गंमत. आइस्क्रीमच्या डब्यामागे 'लोकस्ट बीन गम' लिहिलेलं असतं, ते याच झाडाचं असं मुलगा म्हणतो. लोकस्ट म्हणजे टोळ ना? आम्ही इतकी वर्षं टोळ खातोय की काय?

उगाच_एक

केकचं मला काही कळत नाही. कॅरोब हे नाव मात्र मला आमच्या कुत्र्यामुळे माहीत आहे. कुत्र्याला चॉकलेट विषारी, कारण त्यातलं थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. कॅरोबमध्ये ते नसतं. म्हणून कुत्र्यांच्या 'चॉकलेटी' बिस्किटांत कॅरोब घालतात. आमचा बोका-कुत्रा (नाव बोका, जात कुत्रा) ती बिस्किटं डोळे मिटून खातो. तेव्हा घरात निदान एक तरी समाधानी गिऱ्हाईक मिळेल, ताई. फक्त बाकीचा केक लोणी-साखरेचा आहे, तो त्याला देऊ नका.

डिंकवाला

ताई, तुमच्या मैत्रिणीला सांगा, 'सेम टू सेम' हा शब्द मागे घे. कॅरोबचं अर्धं वाटोळं त्या एका वाक्याने केलंय.

आधी ओळख. मी आइस्क्रीमच्या कारखान्यात मिक्स रूममध्ये 19 वर्षं काढली. कॅरोबशी माझा संबंध बियांच्या बाजूने आला, म्हणून हे नाव घेतलं. टोळांचं शेवटी सांगतो. आधी साखर.

कॅरोब हे झाड डाळी-कडधान्यांच्या कुळातलं. त्याला वीतभर लांब, चपट्या, पिकल्यावर चॉकलेटी होणाऱ्या शेंगा लागतात. शेंगेत बिया वजनाने साधारण दहावा हिस्सा, बाकी सगळा गर. तुमच्या डब्यातली पावडर म्हणजे बिया काढून टाकलेला हा गर, वाळवून, बहुतेक वेळा भाजून, दळलेला. आणि हा गर मुळातच गोड असतो. झाडावरच. त्यामुळे पुड्यावरचं वाक्य खोटं नाही. साखर कोणी घातलेली नाही, ती होतीच. मनुकांच्या पुड्यावरही तसं लिहिता येईल. ही साखर बहुतांश सुक्रोज, म्हणजे तुमच्या बरणीतलीच, आणि थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज. 'नैसर्गिक' म्हटल्याने शरीर तिला वेगळी वागणूक देत नाही.

आता हा हिशोब बघा, तुमच्या केकचं कोडं इथेच सुटतं. 100 ग्रॅम कॅरोब पावडरीत ढोबळमानाने 222 कॅलरी, कर्बोदकं 89 ग्रॅम, त्यातली साखर 49 आणि तंतू 40. प्रथिनं साडेचार-पाच ग्रॅम. चरबी एक ग्रॅमसुद्धा नाही. कोको घ्या: कॅलरी जवळपास तेवढ्याच, 228. पण आतलं घर पूर्ण वेगळं. साखर दोन ग्रॅमच्या आत, चरबी 13-14 ग्रॅम, प्रथिनं 19-20. तंतू मात्र दोघांत भरपूर.

म्हणजे तुम्ही 50 ग्रॅम कोको काढून 50 ग्रॅम कॅरोब घातलीत तेव्हा नकळत सुमारे 25 ग्रॅम साखर वाढवलीत, साडेसहा ग्रॅम चरबी कमी केलीत आणि साडेसात ग्रॅम प्रथिनं काढून घेतलीत. वर, कोकोचा कडूपणा गेला. तुमच्या पाककृतीतल्या 200 ग्रॅम साखरेतला मोठा हिस्सा तो कडूपणा झाकायला होता. झाकायला कडू राहिलंच नाही, तर साखर नागडी लागणार. केक कोरडा का? चरबी गेली आणि तंतूंनी पाणी ओढून घेतलं. कडा काळ्या का? साखर जास्त, आणि गर आधीच एकदा भाजलेला. त्याला भट्टीत करपायला वेळ लागत नाही.

केक सुधारायचा असेल तर 50 ग्रॅम कॅरोबला साखर 150-160 वर आणा. लोणी किंवा तेल एक मोठा चमचा वाढवा. भट्टी 165. पावडर कोरडीच मैद्यात टाकू नका. आधी चाळा, मग कडकडीत गरम पाण्यात किंवा दुधात कालवून पेस्ट करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. तंतूंना जे पाणी प्यायचंय ते तिथेच पिऊ द्या, केकच्या वाट्याचं पिऊ देऊ नका. चिमूटभर मीठ आणि संत्र्याची किसलेली साल चांगली जाते. दालचिनीही. कॅरोबला कोकोसारखी खोली नाही, तिला सोबत लागते.

कॅल्शियम: 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम. कोकोच्या जवळजवळ तिप्पट, आणि ग्रॅमला ग्रॅम धरलं तर दुधापेक्षाही जास्त, खरं आहे. पण कपभर दूध तुम्ही एका दमात पिता, त्यात सुमारे 300 मिलिग्रॅम येतं. कॅरोब पावडर किती खाणार? मोठा चमचाभर, म्हणजे 6 ग्रॅम. त्यातून 20 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 3 ग्रॅम साखर. पुड्यावरचे लोक नेहमी 100 ग्रॅमने बोलतात, आपण चमच्याने खातो.

उलट लोह आणि मॅग्नेशियम कोकोत कितीतरी जास्त. लोह कोकोत 100 ग्रॅमला 14 मिलिग्रॅमच्या आसपास, कॅरोबमध्ये 3. शिवाय कॅरोबच्या गरात टॅनिन भरपूर, आणि टॅनिन वनस्पतिजन्य लोहाला धरून ठेवतं. पोटॅशियम दोघांत चांगलं, तिथेही कोको पुढे. तेव्हा 'कोकोपेक्षा पौष्टिक' हे सरसकट विधान करू नये. वेगळी आहे, एवढंच.

तुमच्या मूळ कारणासाठी मात्र मैत्रीण बरोबर आहे. 100 ग्रॅम बिनसाखरेच्या कोकोत सुमारे 2 ग्रॅम थिओब्रोमिन आणि 200 मिलिग्रॅमच्या वर कॅफीन असतं. कॅरोबमध्ये दोन्ही नाहीत. रात्रीच्या दोन तुकड्यांसाठी ती सोयीची आहे. तयार 'कॅरोब चॉकलेट' किंवा चिप्स घेणार असाल तर मात्र घटकांची यादी वाचाच. गरात चरबी नसते, मग वडी बांधायला बाहेरून घालावी लागते. ती पुष्कळदा पाम कर्नेल तेलाची असते. त्यात वरून साखरही घातली असेल तर कोकोचं चॉकलेट काय वाईट होतं, असं वाटेल.

अर्धा_चमचा

काका (की दादा? 19 वर्षं म्हणजे काका म्हणते), साखर नागडी लागणार हे वाक्य मी फ्रिजवर लिहून ठेवलंय. 50 ग्रॅममागे 25 ग्रॅम साखर वाढली हे गणित मला एकदाही सुचलं नाही, आणि मी पेशाने हिशेबनीस आहे!

टोळांचं राहिलं.

माजी_बेटकर

टोळांचं मी सांगतो, डिंकाचं काकांसाठी ठेवतो.

बायबलमध्ये बाप्तिस्मा देणारा योहान रानात टोळ आणि रानमध खाऊन राहायचा असं आहे. ते टोळ म्हणजे किडे नसून या झाडाच्या शेंगाच, असा समज पुढे रूढ झाला. म्हणून इंग्रजीत ती 'लोकस्ट बीन' आणि 'सेंट जॉन्स ब्रेड', जर्मनमध्ये 'योहानिसब्रोट'. खरोखरचे टोळ त्या भागात खात असत, त्यामुळे बिचारा योहान शेंगा खात होता की किडे, यावर पैज लावू नये. तुमच्या आइस्क्रीममध्ये मात्र शेंगेचं बीच आहे, निश्चिंत असा.

मी सायप्रसला लिमासोलमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं होतो. तिथे कॅरोबला एके काळी 'काळं सोनं' म्हणत, कारण निर्यातीचं मोठं पीक तेच होतं. लिमासोलच्या जुन्या किल्ल्याजवळ कॅरोबची जुनी गिरणी आहे, आता त्यात संग्रहालय आहे. आत लाकडी पट्टे, चाळण्या, दगडी भिंती. रिकामी आहे तरी वास जात नाही. तुम्ही म्हणता तो आंबूस वास, तोच. तो आयसोब्युटिरिक आम्लाचा, चीजमध्येही सापडतं ते. नवख्याला नाक मुरडावंसं वाटतं, मला आता त्या वासाची आठवण येते.

झाड बघण्यासारखं असतं. बारमाही हिरवं, पानं जाड आणि चकचकीत, खाली गार सावली. फुलं कोवळ्या फांदीवर येत नाहीत, जुन्या जाड लाकडातून थेट फुटतात. आणि फुलापासून पिकलेल्या शेंगेपर्यंत जवळजवळ वर्ष जातं. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेंगा उतरवायची वेळ येते तेव्हा पुढच्या वर्षाच्या फुलांचीही सुरुवात होत असते. लांब काठीने झोडपून शेंगा पाडतात. एका म्हातारबाबांबरोबर मीही एकदा काठी घेऊन उभा राहिलो. मी जोरात हाणली तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि फांदीवरचे बारीक लालसर कोंब दाखवले. "हे पुढच्या वर्षीचं," एवढंच म्हणाले. नंतर मला झोडपायचं काम मिळालं नाही, गोळा करायचं मिळालं.

शेंग वाळली की हलवल्यावर खुळखुळते. तशीच खातात. बाजूची कड दातांनी सोलायची, गर चघळायचा, बी थुंकायची. बी चावायचा प्रयत्न करू नका, दगड आहे. पहिल्या मिनिटाला तुरट, मग हळूहळू गोडी सुटते, शेवटी तोंडात चिवट दोरा उरतो. कच्ची हिरवी शेंग चुकून चावली तर तोंड असं आवळतं की बोलता येत नाही. काका म्हणाले ते टॅनिन, त्याचा हा प्रत्यक्ष परिचय.

आमच्या किचनमध्ये पावडर जवळजवळ वापरतच नसू. तिथला खरा पदार्थ पाक. बिया काढलेल्या शेंगांचे तुकडे पाण्यात भिजत घालतात, गोडवा पाण्यात उतरला की ते पाणी गाळून तासन् तास आटवतात. काकवीसारखं काळं, घट्ट, चमच्यावरून सावकाश ओघळणारं. साखर वेगळी घालत नाहीत. दह्यावर, ब्रेडवर, सॅलडच्या लिंबूरसात. हाच पाक आणखी आटवून, थंड होता होता हातांनी ओढत राहतात. खूप ओढल्यावर काळ्याचा सोनेरी होतो. त्याला पास्तेली म्हणतात, अनोयिरा नावाचं गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. मी ती ओढून बघितली आहे. हात भाजतात, खांदे भरून येतात आणि गावातल्या बायका तुमच्याकडे बघून हसतात.

लेबनॉनच्या एका सहकाऱ्याने मला हा पाक ताहिनीत, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या पेस्टमध्ये कालवून ब्रेडबरोबर खायला शिकवलं. त्याच्याकडे त्याला दिब्स खर्रूब म्हणतात. ताई, रात्रीच्या दोन तुकड्यांना याहून चांगला पर्याय मला तरी माहीत नाही. ताहिनीची चरबी आणि किंचित कडवटपणा, त्यावर हा गोडवा. कॅरोबला काय कमी पडतं ते ताहिनी नेमकं भरून काढते. इजिप्तमध्ये शेंगांचं गार सरबत रमजानमध्ये पितात. माल्टात गुड फ्रायडेला कॅरोबच्या खडीगोळ्या विकतात, कारण उपवासाच्या त्या दिवसांत बाकी गोडधोड वर्ज्य.

या सगळ्यात चॉकलेटचं नाव कुठेही नाही, हे लक्षात आलं का? या लोकांनी कॅरोबला कधी चॉकलेट समजून खाल्लंच नाही.

एक मात्र आहे. म्हातारी माणसं सगळीच तिच्यावर खूश नसतात. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतरच्या टंचाईत, माल्टात दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात, लोकांनी नाइलाजाने या शेंगांवर दिवस काढले. एरवी ते गुरांचं खाद्य. बायबलमधल्या उधळ्या मुलाला डुकरांच्या ज्या शेंगा खाव्याशा वाटतात, त्या याच समजतात. आमच्या हॉटेलात एका वयस्क स्पॅनिश पाहुण्यांनी कॅरोबची मिठाई ताटलीच्या कडेला सरकवली होती. तरुण पाहुणे तिचे फोटो काढत होते.

डिंकवाला

बेटकर, त्या म्हातारबाबांनी तुमचं मनगट धरलं ते बरं केलं.

आता माझा विषय. ती न चावता येणारी दगडी बी.

तिच्यात तीन थर. वरचं तपकिरी टरफल, आत अर्धपारदर्शक पांढरा भाग, मधोमध पिवळा कोंब. टरफल आम्लाने किंवा भाजून सोडवतात, मग बी फोडून कोंब वेगळा करतात. उरलेला पांढरा भाग दळला की लोकस्ट बीन गम. लेबलवर पुष्कळदा फक्त '410' हा त्याचा क्रमांक एवढंच असतं. 100 किलो शेंगांत 10 किलो बिया आणि त्यातून चारेक किलो डिंक. बाकी सगळा पसारा तुमच्या केकसाठी नाहीतर गुरांसाठी. पिवळ्या कोंबात जवळपास निम्मं प्रथिन असतं, आणि त्याचं वागणं कणकेतल्या ग्लुटेनच्या जवळपास जातं, म्हणून ग्लुटेनमुक्त ब्रेडवाल्यांना त्यात रस असतो.

हा डिंक करतो काय? 1000 किलो आइस्क्रीम मिक्समध्ये आम्ही दीड किलोच्या आसपास घालायचो. एवढाच. पण तुम्ही डबा फ्रीझरमधून काढता, टेबलावर ठेवता, कोणीतरी वाढून घेतं, डबा परत जातो. दर वेळी कडेचं थोडं वितळतं आणि परत गोठतं. हे चार वेळा झालं की पाण्याचे स्फटिक मोठे होतात आणि आइस्क्रीम जिभेवर वाळूसारखं लागतं. डिंक त्या वितळलेल्या पाण्याला दाट करून त्याची हालचाल अडवतो.

याचा स्वभाव मात्र तिरसट. गवारीच्या बियांचा डिंक गार पाण्यातही फुलतो. हा नाही. थोडा फुगल्यासारखा करतो, पूर्ण विरघळायला 80 अंशांच्या वर तापवावा लागतो. रचना दोघांची सारखीच: मॅनोजची लांब साखळी आणि तिला बाजूला लटकलेले गॅलेक्टोजचे दात. गवारीत साधारण दर दुसऱ्या मणक्याला एक दात, कॅरोबमध्ये दर चौथ्याला. दात विरळ, त्यातही मधले मधले पट्टे अगदी टकले. ते टकले पट्टे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून गार पाण्यात सुटत नाहीत. आणि त्याच टकल्या पट्ट्यांमुळे झँथन गम नावाच्या दुसऱ्या डिंकाबरोबर याची दोस्ती जमते. दोघं वेगवेगळे नुसते दाट होतात, एकत्र आले की चक्क लवचिक जेली.

माझं पहिलं वर्ष. मिक्स 45 अंशांवर होतं, वरिष्ठ जेवायला गेलेले, मी उत्साहाने डिंकाची पिशवी सरळ टाकीत उपडी केली. साखरेत कोरडा मिसळून, भुरभुरत घालायचा असतो, हे मला सांगितलेलं होतं, मी ऐकलेलं नव्हतं. वरून भिजलेल्या आणि आत कोरड्या ठणठणीत अशा गाठी झाल्या. आमच्या धंद्यात त्यांना फिश आय म्हणतात, आणि टाकीत वाकून बघितलं तेव्हा ते शेकडो डोळे माझ्याकडेच बघत होते. पुढची गाळणी चोंदली, पंप ओरडायला लागला. संध्याकाळी सात वाजेपर्यंत गाळणीची जाळी मी टूथब्रशने घासली.

दुसरा धडा सावकाश शिकलो. हा डिंक एकटाच दुधात घातला तर त्याचं आणि दुधातल्या प्रथिनाचं पटत नाही, मिक्स ठेवून दिलं की तळाशी पाणचट थर सुटतो. मग कॅराजीनन नावाचा समुद्री शेवाळाचा पदार्थ अगदी नखभर घालतात. तो भांडण होऊ देत नाही. डब्यामागे दोन-तीन गम एकत्र दिसतात ते यासाठी. यादी लांब करून तुम्हाला घाबरवायला नव्हे.

दुधाची उलटी काढणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी जे दाट फॉर्म्युला दूध मिळतं, त्यातल्या काहींत हाच डिंक असतो. तो बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय नाही, घरी प्रयोग तर नाहीच.

सोनेरी_कडा

वाचता वाचता एक भर. सोन्या-हिऱ्यांचा 'कॅरेट' या बीवरून आला. ग्रीकमध्ये शेंगेला आणि बीला केरातिऑन, म्हणजे छोटं शिंग. तुर्कीत आजही तिला बकरीचं शिंग अशा अर्थाचंच नाव आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं सॉलिडस हे सोन्याचं नाणं 24 केरातिऑन वजनाचं, म्हणून शुद्ध सोनं 24 कॅरेट. हिऱ्याचा कॅरेट पुढे 1907 मध्ये 200 मिलिग्रॅम ठरला.

आणि 'सगळ्या बिया अगदी एकाच वजनाच्या असतात म्हणून सोनार वापरत' हे जे सगळीकडे फिरतं, ते खरं नाही. 2006 मध्ये संशोधकांनी बिया तोलून बघितल्या, तर त्या बाकी झाडांच्या बियांइतक्याच कमी-जास्त भरल्या.

दुसरं, मी असं ऐकलंय की कॅरोबमध्ये पिनिटॉल नावाचं एक द्रव्य असतं आणि ते मधुमेहावर औषध आहे. आमच्या वहिनींनी त्यासाठी रोज दोन चमचे पाक सुरू केलाय.

डिंकवाला

कॅरेटचं मस्त.

वहिनींना आजच थांबवा. पिनिटॉल कॅरोबमध्ये असतं, त्यावर संशोधन चालतं, सगळं खरं. पण पाक म्हणजे गरातले तंतू गाळून टाकून उरलेली साखर, आटवलेली. पिनिटॉलच्या चिमटीसाठी साखरेची वाटी रिचवण्यासारखं आहे हे. कोलेस्टेरॉलबद्दलही वाचाल. कॅरोबच्या तंतूंनी वाईट कोलेस्टेरॉल कमी झाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, पण तिथे गरातून साखर धुऊन काढलेले, वेगळे केलेले तंतू दिले होते. पावडर नव्हे, पाक तर मुळीच नव्हे. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

जुलाबावर शेंगेची पूड द्यायची भूमध्य समुद्राकाठची जुनी पद्धत आहे, त्याला टॅनिन आणि तंतूंचा काही आधार आहे. पण लहान मुलाला जुलाब होत असतील तर आधी क्षारसंजीवनी आणि दवाखाना.

अर्धा_चमचा

रविवारी दुसरा केक झाला. साखर 155, लोणी चमचाभर जास्त, भट्टी 165, पेस्ट करून दहा मिनिटं झाकून ठेवली. काका, ती पेस्ट दहा मिनिटांत अशी घट्ट झाली की चमचा उभा राहिला. म्हणजे पहिल्या वेळी हे सगळं पाणी माझ्या केकमधून ओढलं गेलं होतं! पावडर चाळताना तळाशी बारीक काड्यांसारखा चोथा उरला, तो टाकून दिला. संत्र्याची साल घातली. 38 मिनिटं लागली, कडा शाबूत.

चॉकलेट केक नाही झाला. मऊ झाला, तपकिरी झाला, आणि जरा खरपूस. मुलगी म्हणाली, "खजुराचा केक पहिल्यापेक्षा छान." तिला खजूर नाहीये हे सांगायचं सोडून दिलंय. यांनी तीन तुकडे खाल्ले.

बेटकरांचा पाक अजून मिळालेला नाही. तोवर चमचाभर ताहिनीत अर्धा चमचा पावडर आणि दोन थेंब मध असं कालवून बघितलं. थोडं कचकचतं, पण बाऊल चाटूनपुसून ठेवला. पुढच्या वेळी ताहिनीत घालण्याआधी पावडर मलमलच्या कपड्यातून चाळणार आहे. आणि घड्याळात बघितलं तर रात्रीचे साडेदहा, त्यानंतर झोपही लागली.

पहिल्या केकचा उरलेला अर्धा भाग अजून फ्रीझरमध्ये आहे. बोक्याला चालणार नाही म्हणता ना?

उगाच_एक

नाही म्हणजे नाही. तिकडे पाठवून द्या, मी माणूस आहे.